साडेआठ विजय

अमेरिकेतला उन्हाळा सरत आला की लास व्हेगासच्या पैजा घेणाऱ्या स्पोर्ट्सबुकांच्या फलकांवर मोठमोठ्या विद्यापीठांची नावं झळकतात आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो. कुणापुढे साडेदहा, कुणापुढे सहा, कुणा दुबळ्या संघापुढे अडीच. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत हा संघ बारा सामने खेळणार. त्यातले किती जिंकेल, याचा तो अंदाज. अजून एकाही मैदानावर चेंडू हवेत गेलेला नसतो.

कॉलेज फुटबॉल, म्हणजे अमेरिकन पद्धतीचा लांबुळक्या चेंडूचा खेळ. त्याच्याभोवती दर वर्षी हजारो पानं लिहिली जातात. त्या सगळ्या लिखाणात मला सर्वांत घट्ट विणलेली वाटते ती फलकावरची ही ओळ. समजा एका संघापुढे असं आहे: ८.५, जास्त −१४०, कमी +१२०. मजकूर एवढाच. तो सावकाश वाचण्यासारखा आहे.

आधी तो अर्धा. बारांपैकी साडेआठ सामने कुणालाच जिंकता येत नाहीत. १९९६ पासून या खेळात बरोबरीही उरलेली नाही. जादा वेळ खेळवून निकाल लावतात. म्हणजे शेवटी आठ होतील किंवा नऊ होतील, मधलं काही होणार नाही. तरी तो अर्धा मुद्दाम ठेवतात, कारण नुसते आठ लिहिले आणि संघानं नेमके आठच जिंकले तर सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागतात. ही झाली धंद्याची सोय. पण त्या सोयीमुळे वाचणाऱ्याला बाजू घ्यावीच लागते. हा संघ बरा आहे, पण फार बरा आहे का, अशी जी घालमेल चाहत्याच्या मनात असते, तिची नेमकी जागा तो अर्धा दाखवून देतो.

मग उणे एकशेचाळीस. 'जास्त' म्हणायचं असेल तर १०० डॉलर कमावण्यासाठी १४० डॉलर लावावे लागतील. 'कमी' म्हणणाऱ्याला १०० लावून १२० मिळतील. यातून शक्यता काढता येते. १४० ला २४० नं भागलं की ५८.३ टक्के, १०० ला २२० नं भागलं की ४५.५ टक्के. बेरीज १०० व्हायला हवी, ती होते १०३.८. वरचे ३.८ ही भाव काढणाऱ्याची मजुरी. ती बाजूला काढून वाचलं, तर ओळ म्हणते: हा संघ किमान नऊ जिंकेल असं आम्हांला शंभरांत छप्पन्न वेळा वाटतं, चव्वेचाळीस वेळा वाटत नाही. नऊ होतील असं ठासून म्हणायची हिंमत नाही, आठांवर थांबायचीही इच्छा नाही. माणसाचा अनिश्चितपणा इतक्या थोड्या अक्षरांत आणि इतका मोजून मांडलेला मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

नेहमीच्या पैजेत दोन्ही बाजूंना −११० असा भाव असतो. १०० मिळवायला ११० लावायचे. त्यात नुसतं बरोबरीत राहायचं तरी ५२.३८ टक्के वेळा बरोबर ठरावं लागतं. हा आकडा मी नेहमी डोळ्यांसमोर ठेवतो. नाणेफेकीपेक्षा जेमतेम अडीच टक्के वर. तेवढं चढण्यासाठी आयुष्य घालवणारी माणसं या क्षेत्रात आहेत.

इतकं अवघड का, ते खेळाच्या रचनेत आहे. बेसबॉलच्या व्यावसायिक संघाला हंगामात १६२ सामने मिळतात, बास्केटबॉलच्या संघाला ८२. इथे बारा. बारा सामन्यांत नशिबाची जमा आणि नावे जुळायला वावच मिळत नाही. वरच्या विभागात १३० हून अधिक संघ आहेत, त्यांतले बहुतेक एकमेकांशी खेळतच नाहीत. खेळाडू अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे, चार-पाच वर्षांत निघून जाणारे. म्हणजे विद्यापीठाचं नाव तेच राहतं, गणवेशाचा रंग तोच राहतो, आत वेगळीच पोरं असतात. कोलंबस, अ‍ॅन आर्बर, कॉलेज स्टेशन, वेस्ट लाफायेट ही गावं आपल्याकडच्या कितीतरी घरांना मुलं तिथे एमएस करायला जातात म्हणून ठाऊक आहेत. त्या मुलांनी शरद ऋतूतला शनिवार पाहिलेला असतो. अ‍ॅन आर्बरच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. एवढ्या लोकांना ऑगस्टमध्ये एकच प्रश्न पडलेला असतो आणि त्याचं उत्तर देण्यासाठी हाताशी असते ती गेल्या वर्षीची, निम्मी निघून गेलेली पोरं.

म्हणूनच हंगामापूर्वीचं चांगलं भाकीत मी गेल्या हंगामाचं वाचन म्हणून वाचतो. घडून गेलेल्या बारा सामन्यांत संघाचं स्वतःचं किती होतं आणि नुसतं पदरात पडलेलं किती होतं, हे वेगळं करण्याची ही कला आहे. जो हे नीट वेगळं करतो त्याचं भाकीत पुढे चुकलं तरी वाचण्याजोगं राहतं. जो गेल्या वर्षीचा निकाल उचलून पुढच्या वर्षावर ठेवतो, त्याचं बरोबर आलं तरी त्यात रस नाही.

या कलेचा आद्य ग्रंथ म्हणावा असा माझ्या मते फिल स्टील यांचा वार्षिक अंक आहे. क्लीव्हलंडहून १९९५ पासून निघतो. प्रथम हातात घेणाऱ्याला तो पंचांगासारखा वाटेल: मुंगीएवढी अक्षरं, जागा वाचवण्यासाठी केलेली संक्षिप्त रूपं, रकान्याला खेटून रकाना, आणि सराव नसेल तर काहीही लागणार नाही. एकेका संघाला दोन पानं. त्यात गेल्या वर्षीच्या पहिल्या फळीतले किती जण परत आले, आक्रमणात किती, बचावात किती. प्रत्येक जागेवर पहिला कोण, त्याच्यामागे कोण. शाळेतून आला तेव्हा त्याला किती मोठा मानत होते. गेल्या काही वर्षांत संघानं भावाच्या तुलनेत काय केलं. वाक्य पुरं करण्याची उसंत लेखकाला नाही. तरीही ही दोन पानं वाचून उठलं की त्या संघाचं एक व्यक्तिमत्त्व मनात उभं राहतं, आणि ते कुणा स्तंभलेखकाच्या भरघोस विशेषणांतून सहसा राहत नाही.

त्या अंकात टर्नओव्हरवरचा एक लेख दर वर्षी असतो आणि तो मी सर्वांत आधी काढतो. टर्नओव्हर म्हणजे चेंडू आपल्या चुकीनं प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणं. हातातून निसटला तर फंबल, फेकलेला पकडला गेला तर इंटरसेप्शन. स्टील यांचं म्हणणं सरळ आहे: ज्या संघाला गेल्या वर्षी या व्यवहारात मोठा फायदा झाला तो बहुधा यंदा खाली येईल, ज्याला तोटा झाला तो वर येईल. यामागचं कारण चेंडूच्या आकारात आहे. तो गोल नाही. जमिनीवर पडला की कुठे उडेल ते सांगता येत नाही. फंबल करवणं हे काही अंशी कौशल्य असेल, पण पडलेला चेंडू कुणाच्या अंगाखाली येतो यात फारसं कौशल्य नाही. पाच वेळा तो तुमच्याकडे आला तर तुमचे दोन सामने वाढतात आणि वर्तमानपत्रं तुमच्या जिद्दीवर लिहितात. ती जिद्द वर्षभरात कुठे गेली असा प्रश्न मग पुढच्या नोव्हेंबरात पडतो.

बिल कॉनेली यांनी हेच वाचन आणखी खोल नेलं. त्यांची 'एसपी प्लस' ही मोजणी प्रत्येक डावाला, म्हणजे चेंडूच्या प्रत्येक चालीला, एक साधा प्रश्न विचारते: ही चाल यशस्वी होती का? पहिल्या प्रयत्नात लागणाऱ्या अंतराच्या निम्मं कापलं तर यशस्वी, दुसऱ्यात उरलेल्याच्या सत्तर टक्के, तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण. या व्याख्येत मला फार मोठा विवेक दिसतो. ऐंशी यार्डांची डोळे दिपवणारी धाव हीही एकच चाल आणि तीन यार्डांची गरज असताना काढलेले साडेतीन यार्ड हीही एकच. धुमधडाक्याला कॉनेली वेगळ्या रकान्यात मोजतात. पण संघ कसा आहे हे विचारलं तर आधी त्या साडेतीन यार्डांकडे पाहतात, कारण पुढच्या वर्षी पुन्हा दिसण्याची शक्यता त्यांची जास्त. हंगामापूर्वीच्या यादीसाठी ते तीन गोष्टी घेतात: गेल्या वर्षीच्या कामगिरीतला किती वाटा करणारी माणसं परत आली, अलीकडच्या वर्षांत कोणत्या दर्जाची मुलं भरती झाली, आणि त्या संघाचा नजीकचा इतिहास काय. पहिली यादी फेब्रुवारीत येते. कोवळी असते, नंतर ती दुरुस्त करत जातात.

आता एक उतारा घेऊन वाचू. टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, फोर्ट वर्थ. सगळे टीसीयू म्हणतात. २०२१ मध्ये पाच विजय, सात पराभव. नवे प्रशिक्षक सॉनी डाइक्स आले. २०२२ च्या उन्हाळ्यात बिग ट्वेल्व्ह गटातल्या पत्रकारांनी त्यांना दहांत सातवं ठेवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, मॅक्स डगन पहिल्या सामन्यात राखीव होता. पहिल्या पसंतीचा चँडलर मॉरिस जायबंदी झाला म्हणून तो आत आला. आणि मग टीसीयूनं बाराच्या बारा सामने जिंकले, गटाचा अंतिम सामना जादा वेळेत गमावला, तरी वर्षअखेरीस मिशिगनला ५१–४५ असं हरवून राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. डगन हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला.

निकालांचा हा रकाना नुसता वाचला तर गोष्ट एका महान संघाची आहे. सामन्यांच्या आत शिरलं की तिचा पोत बदलतो. एसएमयूवर आठ गुणांनी विजय. कॅन्ससवर सातांनी. ओक्लाहोमा स्टेटशी शेवटच्या सत्रात चौदा गुणांनी मागे, मग दोन जादा डावांनंतर तीन गुणांनी पुढे. टेक्ससवर सातांनी. वेको गावी बेलरविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत आठ गुणांनी मागे होते. टाइमआउट संपलेले, घड्याळ पळतंय, किक मारणारी तुकडी धावत मैदानात शिरते, ग्रिफिन केल ४० यार्डांवरून चेंडू खांबांमधून घालवतो आणि २९–२८. ही किक पाहताना कुणाच्याही अंगावर काटा येईल, माझ्याही आला. शिवाय ऑक्टोबरात ओक्लाहोमाचा, कॅन्ससचा आणि कॅन्सस स्टेटचा क्वार्टरबॅक टीसीयूशी खेळतानाच दुखापतीनं बाहेर गेला. हा फायदा कुणी कमावत नाही.

म्हणून अंतिम सामन्यात जॉर्जियानं ६५–७ असं चिरडलं तेव्हा जे हळहळले ते फक्त निकाल वाचत आले होते. खरा वाचनाचा प्रसंग पुढच्या ऑगस्टमध्ये आला. डगन गेला, फेकलेला चेंडू झेलणारा मोठा रिसीव्हर क्वेंटिन जॉन्स्टन गेला, धावणारा केंड्री मिलर गेला, आक्रमणाची आखणी करणारे गॅरेट रायली क्लेमसनला गेले. तरी पत्रकारांच्या मतदानात टीसीयूला सतरावं स्थान मिळालं. पहिला सामना घरच्या मैदानावर कोलोराडोशी होता. तो संघ आदल्या वर्षी एक जिंकून अकरा हरलेला. टीसीयू सुमारे वीस गुणांनी वरचढ धरलेली. कोलोराडोचे नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स, संघातली बहुतेक मुलं बाहेरून आणलेली, क्वार्टरबॅक त्यांचाच मुलगा. त्यानं ५१० यार्ड फेकले आणि निकाल ४५–४२.

त्या वर्षी टीसीयूनं पाच जिंकले, सात हरले. २०२१ सारखेच. त्या सातांत कोलोराडोकडून तीन गुणांनी, वेस्ट व्हर्जिनियाकडून तीनांनी, टेक्सस टेककडून सातांनी, टेक्ससकडून तीनांनी. एका टचडाउनच्या आतले चार सामने, चारही हरलेले. जिंकलेले पाचही मोठ्या फरकानं जिंकलेले. आदल्या वर्षी ज्या दारातून हा संघ दर शनिवारी आत शिरत होता, तेच दार दर शनिवारी तोंडावर बंद झालं. २०२२ चा संघ खोटा होता असं मी मुळीच म्हणणार नाही. तो चांगला होता, आणि त्याहून थोडा अधिक भाग्यवान होता. ऑगस्टमध्ये भाकीत लिहिणाऱ्यानं हा 'थोडा अधिक' मोजायचा असतो. त्याच्या कामाची सगळी गोडी तिथे आहे.

पण इतक्यावर थांबलो तर वाचन सोपं होईल. नेब्रास्काची गोष्ट याच्या विरुद्ध बाजूची आणि मला अधिक छळणारी. २०२१ मध्ये नेब्रास्कानं तीन जिंकले, नऊ हरले. हंगामात त्यांनी ३३५ गुण केले आणि २७२ दिले. नऊ सामने हरून ६३ गुणांनी पुढे! नऊही पराभव एकेरी आकड्याच्या फरकानं: मिशिगनकडून तीन, मिशिगन स्टेटकडून तीन, पर्ड्यूकडून पाच, ओक्लाहोमाकडून सात, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा प्रत्येकी सात, इलिनॉयकडून आठ, ओहायो स्टेटकडून नऊ. असा रकाना पाहिला की आकडेवारीच्या वाचकाला राहवत नाही. नशीब फिरणार, हे तो खात्रीनं सांगतो. टीसीयूला जो न्याय लावला तोच उलटा लावायचा.

२७ ऑगस्ट २०२२, डब्लिन. हो, आयर्लंडमधलं. नेब्रास्का नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८–१७ अशी पुढे. प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांनी अकरा गुणांची आघाडी असताना ऑनसाइड किक मागवली, म्हणजे चेंडू लांब न मारता जवळच मारून स्वतःच पकडायचा धोक्याचा डाव. फसला. सामना ३१–२८ असा गेला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्ननं नेब्रास्काच्या घरी, लिंकनमध्ये, ४५–४२ असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट यांना काढलं. १९९७ च्या विजेत्या नेब्रास्काचा क्वार्टरबॅक असलेला हा माणूस तिथलाच, घरचा. त्यांच्या कारकिर्दीत एका टचडाउनच्या फरकात सुटलेल्या सामन्यांचा हिशेब होता पाच विजय आणि बावीस पराभव.

पाच आणि बावीस. हे नशीब म्हणायचं का? नाणं सत्तावीस वेळा उडवून बावीस वेळा काटा पडला तर मी नाणं तपासायला घेईन. डब्लिनमधली ती किक पाहिलेल्याला वाटतं, हरण्याची सवय ही खरीच गोष्ट आहे आणि ती प्रशिक्षकाच्या निर्णयातून संघात झिरपते. गणिताच्या बाजूनं बोलणारा म्हणेल, शेकडो संघांत एखाद्याच्या वाट्याला असे आकडे यायचेच. दोघांचंही म्हणणं मला पटतं, आणि कोणाचं अधिक हे ठरवताना मी फ्रॉस्ट यांच्या बाबतीत पहिल्याकडे झुकतो. भाव काढणाऱ्याला मात्र असं झुकून भागत नाही. त्याला किती झुकायचं तो आकडा लिहावा लागतो. त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

पत्रकारांच्या मतदानाबद्दल तेवढा वाटत नाही. असोसिएटेड प्रेसचं, म्हणजे एपीचं, मतदान १९३६ पासून चालू आहे, हंगामापूर्वीचं १९५० पासून. त्या पहिल्याच ऑगस्टी यादीत अव्वल असलेल्या नोत्र दामनं वर्षअखेरीस चार जिंकले, चार हरले, एक बरोबरीत सोडवला. २०१२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया पहिली होती. सात-सहा अशी संपली आणि शेवटच्या पंचवीसांतही नव्हती. अशा चुका होणारच, त्यांचं काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. भावाचा आकडा सामन्याला हात लावत नाही. मतदानाचा क्रमांक मात्र बराच काळ थेट निकालात शिरत होता.

२००४ आठवा. ऑगस्टमध्ये सदर्न कॅलिफोर्निया पहिली, ओक्लाहोमा दुसरी, ऑबर्न सतरावी. तिघींनीही नियमित हंगामातले सगळे सामने जिंकले. अंतिम सामन्यात जागा दोन, आणि त्या कुणाला द्यायच्या हे ठरवणाऱ्या सूत्रात मतदानाचा मोठा वाटा. वरच्या दोघी हरल्याच नाहीत, तर मतदारानं त्यांना खाली कशासाठी आणायचं? ऑबर्न सतराव्या पायरीवरून चढत चढत तिसऱ्यावर आली आणि तिथेच अडली. जानेवारीत सदर्न कॅलिफोर्नियानं ओक्लाहोमाला ५५–१९ असं धुतलं. ऑबर्ननं शुगर बोल जिंकून तेरापैकी तेरा केले आणि मुकुटाविना घरी गेली. उन्हाळ्यात कुणीतरी सतरावं लिहिलं, त्याची किंमत त्या मुलांनी मोजली. त्यानंतर एपीनं आपलं मतदान त्या सूत्रातून काढून घेतलं. आताची निवड समिती आपली पहिली क्रमवारी ऑक्टोबर संपता-संपता किंवा नोव्हेंबरात जाहीर करते. हा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

सामन्याच्या भावाकडे, पॉइंट स्प्रेडकडे, आता थोडं वळू. त्याचं श्रेय शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना देतात. कोण जिंकेल यापेक्षा कितीनं जिंकेल हा प्रश्न विचारायचा. बलाढ्य संघाला कागदावर तेवढे गुण मागे ढकलायचे आणि दोन्ही बाजू सारख्या करायच्या. तीन आणि सात हे आकडे इथे फार वजनदार, कारण फील्ड गोलचे गुण तीन आणि टचडाउन अधिक किकचे सात. असंख्य सामने नेमके या फरकांनी सुटतात. म्हणून तीनवरून साडेतीनवर गेलेला भाव आणि अकरावरून साडेअकरावर गेलेला भाव यांत अर्धा तोच असला तरी अर्थ एक नाही. पहिल्या अर्ध्यात कुणाचातरी खांदा दुखतोय अशी बातमी असू शकते.

६ ऑक्टोबर २००७ ला स्टॅनफर्ड लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाशी खेळायला गेली तेव्हा ती ४१ गुणांनी दुबळी धरलेली होती. आदल्या वर्षी एक विजय, अकरा पराभव. नेहमीचा क्वार्टरबॅक आजारपणामुळे बाहेर, टवीटा प्रिचर्ड पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरलेला. यजमान घरच्या मैदानावर सलग ३५ सामने हरलेले नव्हते आणि हंगामापूर्वी देशात पहिले होते. त्यांचा क्वार्टरबॅक जॉन डेव्हिड बूटी सामन्यातच बोट मोडल्यावरही खेळत राहिला, त्यानं चार इंटरसेप्शन दिले. ४९ सेकंद उरली असताना प्रिचर्डनं चौथ्या प्रयत्नात मार्क ब्रॅडफर्डला टचडाउन फेकला. २४–२३. दहा वर्षांनी हॉवर्डनं ४५ गुणांचा भाव उलटवून नेव्हाडा–लास व्हेगासला ४३–४० असं हरवलं आणि सर्वांत मोठा भाव उलटवण्याचा तो विक्रमही मोडला.

४१ हा भाव चुकीचा होता असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. बूटीचं बोट तोवर मोडलेलं नव्हतं, तो त्या सकाळचा प्रामाणिक आकडा होता, आणि तो तिथे होता म्हणूनच २४–२३ ला उंची आली. स्टॅनफर्डनं त्या वर्षात चारच सामने जिंकले. आज तो सामना आठवला जातो तो त्या एकेचाळिसामुळे.

पैशाच्या दुसऱ्या बाजूबद्दल बोलल्याशिवाय हे वाचन प्रामाणिक होणार नाही. १४ मे २०१८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२ चा बंदीचा कायदा रद्द केला. तोवर एकेका सामन्यावर कायदेशीर पैज नेव्हाडातच लागायची. आता बहुतेक राज्यांत ती फोनवर आहे. एकोणीस वर्षांच्या मुलानं किती यार्ड फेकले यावर पैज लागते आणि तो कमी पडला की अनोळखी माणसं त्याला शिव्यांचे संदेश पाठवतात. मार्च २०२४ मध्ये कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी विद्यार्थी खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या पैजा सगळ्या राज्यांनी बंद कराव्यात अशी मागणी केली. ती मला पूर्ण मान्य आहे. संघाच्या साडेआठमध्ये शंभर मुलं, प्रशिक्षक, वेळापत्रक, हवामान सगळं मिसळलेलं असतं. एका मुलाच्या यार्डांच्या भावात फक्त तो मुलगा उभा असतो. या आकड्याचं रसग्रहण मी करणार नाही.

अलीकडे या वाचनाची लिपीच बदलली आहे. २०२१ पासून खेळाडूला विद्यापीठ बदलून लगेच खेळता येतं आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून स्वतःच्या नावाचे पैसेही घेता येतात. 'परत आलेली कामगिरी' हा शब्दप्रयोग त्यामुळे हलला. मुलगा परत आला नाही, पण दुसरीकडून आपली कामगिरी बरोबर घेऊन कुणी आला, तर तो कुठल्या रकान्यात? कॉनेलींनी आपल्या सूत्रात बदलून आलेल्यांनाही जागा केली.

या नव्या लिपीतला सर्वांत सुंदर उतारा इंडियानाचा आहे. ब्लूमिंग्टनचं हे विद्यापीठ फुटबॉलमध्ये पिढ्यानपिढ्या हरत आलेलं. २०२३ मध्ये तीन विजय, नऊ पराभव. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन या तुलनेनं छोट्या विद्यापीठातून आले आणि तिथले तेरा खेळाडू बरोबर घेऊन आले. क्वार्टरबॅक कर्टिस रोर्क ओहायो विद्यापीठातून आला. २०२४ च्या उन्हाळ्यात बिग टेन गटातल्या पत्रकारांनी इंडियानाला अठरांत सतरावं ठेवलं. गेल्या वर्षीचा इंडियाना वाचला तर ते योग्यच होतं. पण मैदानावर उतरणार होता तो गेल्या वर्षीचा इंडियाना नव्हताच. त्यातला मोठा भाग गेल्या वर्षीचं जेम्स मॅडिसन होता, आणि त्या संघानं सिग्नेटींच्या हाताखाली बारापैकी अकरा जिंकले होते. ज्या वाचकानं दुसऱ्या संघाचं पान उघडलं त्याला उत्तर तिथे लिहिलेलं सापडलं असतं. इंडियानानंही बारांत अकराच जिंकले आणि बारा संघांच्या बाद फेरीत गेली.

ऑगस्ट २०२५ मध्ये पत्रकारांनी त्यांना विसावं ठेवलं. टेक्सस इतिहासात पहिल्यांदाच हंगामापूर्वी अव्वल होती. पहिल्याच सामन्यात ती ओहायो स्टेटकडून १४–७ अशी हरली आणि पुढे बाद फेरीतही पोचली नाही. इंडियानानं कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा नावाचा क्वार्टरबॅक आणला होता. त्यानं हाइझमन जिंकला, संघ एकही सामना हरला नाही, आणि जानेवारीत मायामीला हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेती झाली. सतरावं आणि विसावं या दोन्ही आकड्यांत जुन्या पराभवांची सवय बोलत होती. २०२४ चे अकरा विजय मात्र नीट वाचण्यासारखे होते: त्यांतले बहुतेक मोठ्या फरकाचे, टीसीयूसारखे काठावरचे थोडेच. फिल स्टील यांच्या त्या बारीक टाइपाच्या पानांवर अशाच गोष्टी शोधायच्या असतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात इंडियानाच्या नावापुढे जो भाव लागेल त्यात जुनी सवय किती आणि हे दोन हंगाम किती, ते पाहायला मी आतापासूनच उत्सुक आहे.